नारायणरावांच्या कंठातला जोहार

भजनी मंडळ म्हटले की टाळ, मृदंग, वीणा जशी आलीच, तसा एक वादही आलाच. आमचे कुर्ले हे गिरणीच्या भोंग्यावर वाढलेले गाव. सन १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी येथली धरमसी मिल विकत घेऊन तिची स्वदेशी मिल केली. तिच्या आधाराने कोकणातून आणि घाटावरून माणसे आली आणि येताना आपापल्या गावची चाल गळ्यात घेऊन आली. ती मिल बंद पडून आता पुष्कळ वर्षे झाली, पण वाद अजून चालूच आहे. एकादशीच्या रात्री एखाद्या पोराने नाटकातल्या किंवा तबकडीवरच्या चालीत अभंग उचलला, की जुना टाळकरी टाळ खाली ठेवतो. ही आपली चाल नव्हे, असे त्याचे म्हणणे. पोर म्हणते, शब्द तर संतांचेच आहेत ना? दोघेही खरेच बोलतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

या वादावर नुसता निवाडा देण्यापेक्षा एका माणसाचे चरित्र सांगावे, असे आम्हांस वाटले. हा माणूस वारकरी नव्हता. त्याने दिंडी चालवली नाही, फड सांभाळला नाही. तो नाटकवाला. आयुष्याचा मोठा भाग त्याने लुगडे नेसून रंगभूमीवर काढला. तरीही आपल्या संतांचे काही अभंग आज ज्या चालीत घरोघर म्हटले जातात, त्या चालींवर त्याच्या गळ्याची मोहोर आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, त्यांची ही गोष्ट.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंसांचे घराणे सांगली भागातल्या नागठाण्याचे. घरची स्थिती बेताची, पण गळा देवाने दिलेला. दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. मूल मोठे झाले, म्हातारे झाले, तरी ते बाल काही सुटले नाही. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आधार मिळाला आणि सन १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. मिरजेस शाकुंतल नाटकात शकुंतलेच्या वेषात ते प्रथम उभे राहिले. त्या काळी कुलीन घरच्या स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. स्त्रीची भूमिका पुरुषानेच करायची असा रिवाज. नारायणरावांनी ती अशी केली, की लुगडे कसे नेसावे, अंबाडा कसा घालावा, हे घरंदाज बायका त्यांच्याकडे पाहून शिकू लागल्या.

आता चालीचे बघा. मराठी नाटकातली पदे ऐकताना आपल्याला वाटते, ही सगळी त्या नाटकासाठीच जन्मली. तसे मुळीच नाही. सन १९११ च्या मानापमान नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. सन १९१६ च्या स्वयंवर नाटकाला भास्करबुवा बखले यांनी दिल्या. सन १९१९ च्या एकच प्याला नाटकाला सुंदराबाई जाधव यांनी दिल्या. या थोर मंडळींनी पुष्कळशा चाली मैफलीतल्या चिजांवरून, ठुमऱ्यांवरून, गझलांवरून उचलल्या. मूळ चीज व्रजभाषेतली किंवा हिंदुस्थानीतली, आणि तिच्या सांच्यात मराठी शब्द बसवलेले. म्हणजे एकाने गायलेले गाणे दुसऱ्याने दुसऱ्या शब्दांनी, दुसऱ्या भावाने पुन्हा गायचे. यात चोरी म्हणून कोणी ओरडले नाही. उलट मूळ चीज ज्याला ठाऊक, त्याला नाटकातले पद ऐकताना दुप्पट गोडी.

आपल्या संप्रदायाला हे काही नवे नाही, बरं का. अभंगाची मालकी कोणाची, हे शेवटच्या चरणातली नाममुद्रा सांगते. नामयाचा नामयाचा राहतो, तुकोबांचा तुकोबांचा राहतो. पण चालीला नाममुद्रा नसते. एकाच अभंगाला या फडाची एक चाल, त्या फडाची दुसरी. काकड्याला एक, हरिपाठाला दुसरी, पावलीला तिसरी. चाल ही पाण्यासारखी. ज्या भांड्यात ओतावी त्या भांड्याची होते.

नारायणरावांच्या आयुष्यातली एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. तारीख १२ मार्च १९११. मानापमानाचा पहिला प्रयोग मुंबईस व्हायचा होता आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असे सगळ्यांचे म्हणणे पडले. नारायणरावांनी ते मानले नाही. तोंडाला रंग लावून ते भामिनी होऊन उभे राहिले, हसले आणि गायले. या प्रसंगाचे कौतुक फार झाले आहे. आम्हांला मात्र तो वाचताना त्या घरातल्या माउलीची आठवण होते. रंगमंदिरात टाळ्या पडत होत्या तेव्हा ती कोठे बसली असेल? थोर माणसाच्या व्रताची किंमत पुष्कळदा घरातले दुसरेच कोणी भरते. आपल्या तुकोबारायांच्या जिजाईला विचारा. चरित्र सांगताना हे झाकू नये, म्हणून लिहिले.

सन १९१३ मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. मंडळीचा थाट राजवाड्यासारखा. पडदे खरे, शालू खरे, अत्तर खरे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. एका पदाला पाच-पाच वेळा वन्समोअर पडे आणि नारायणराव तो देत. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेला संपे, आणि लोक तसेच कामावर जात. तारीख ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी आणि ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांनी मुंबईत एकत्र मानापमान केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका कार्यासाठी एका रंगभूमीवर आल्या. तीन महिनेही झाले नाहीत तोच केशवराव वारले.

याच सुमारास मंडळीच्या डोक्यावर डोंगराएवढे कर्ज असल्याचे उघडकीला आले. हिशेब ठेवणे हे नारायणरावांच्या पत्रिकेतच नव्हते. चाहत्यांनी पैसे गोळा करून द्यावे अशी बोलणी झाली, पण त्यांनी ती भीक म्हणून नाकारली. गावोगाव नाटके लावून, वर्षानुवर्षे राबून त्यांनी ते कर्ज फेडले. आणि फेडल्यावर थाट पुन्हा तोच! माणूस असा होता. त्याला गुण म्हणा, दोष म्हणा, दोन्ही एकाच मुळीचे.

त्यांचे गाणे कसे होते? तबकड्यांवरून आजही ऐकता येते. पट्टी उंच, पण ओढाताण नाही. तान आहे, पण शब्दाच्या अंगावर चढून बसत नाही. शब्द कानाला स्वच्छ ऐकू येतो आणि एकच ओळ चार वेळा घेतली, तर चारही वेळा तिच्यातून निराळा अर्थ पाझरतो. लयीला मुळीच हिसका नाही. आमच्या भजनात चांगला गाणारा जसा चरण घोळवतो आणि धृपद टाळकऱ्यांच्या हातात देतो, तसे काहीसे. गाणे दाखवायचे नाही, गाण्यातून माणूस दाखवायचा, अशी ही रीत. आपल्या दृष्टीने त्यांचे महत्त्व येथून सुरू होते.

सन १९३१ मध्ये गंधर्व मंडळीने कान्होपात्रा हे नाटक रंगभूमीवर आणले. नाटककार नारायण विनायक कुलकर्णी. चाली मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या. हे कृष्णराव देवाच्या आळंदीत जन्मलेले आणि भास्करबुवांच्या तालमीत तयार झालेले. म्हणजे एका बाजूला ज्ञानोबारायांच्या गावचे वळण आणि दुसऱ्या बाजूला मैफलीची विद्या. नारायणराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. रुक्मिणी, भामिनी, सिंधू या भूमिका गाजवून झाल्या होत्या. आता ते संत कान्होपात्रा झाले.

कान्होपात्रेची कथा वारकऱ्याला सांगायला नको. मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेची ती मुलगी. आईचा धंदा तिने नाकारला, वारकऱ्यांच्या मागोमाग पंढरी गाठली. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठोबाचे पाय धरले आणि तेथेच देह ठेवला. राउळात तिच्या नावाचे तरटीचे झाड भाविक दाखवतात. आणि ज्या मंगळवेढ्याची ती, त्याच मंगळवेढ्याचे आपले चोखोबा. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून सन १३३८ मध्ये ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली, अशी परंपरा आहे.

या नाटकात चोखोबांचा जोहार घेतला होता. जोहार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. गावच्या महाराने वरच्या लोकांना रस्त्यात वाकून घालायचा तो नमस्कार. तोंडाने जोहार म्हणायचे आणि अंतर राखून बाजूला व्हायचे. हा अपमानाचा शब्द चोखोबांनी उचलला आणि थेट पंढरीच्या रायाला घातला. आपण देवाच्या दासांचेही दास, भुकेले, उष्ट्याच्या आशेने दारी आलेले, असे त्यांनी मायबापाला सांगितले. गावाने लादलेला शब्द त्यांनी देवापुढे ठेवून प्रेमाचा केला. पुढे दोनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथ महाराजांनी महाराच्या तोंडचे अनेक जोहार आपल्या भारुडांत लिहिले. घर ब्राह्मणाचे, पण भारुड म्हणताना नाथ स्वतः महार झाले. म्हणजे चोखोबांचे गाणे दुसऱ्याने आपल्या गळ्यात घेण्याची वाट नाथांनीच घालून दिली होती, नाही का?

त्या वाटेवरून सन १९३१ मध्ये नारायणराव आले. जन्माने ब्राह्मण, वेष स्त्रीचा, भूमिका गणिकेच्या मुलीची आणि कंठात चोखोबांचा जोहार. चार ठिकाणची माणसे एका गाण्यात एकत्र आली. चाल साधी ठेवलेली. तानांचा बाजार नाही. मायबाप हा शब्द असा लागतो, की ऐकणाऱ्याला आपणच कोणाच्या तरी दारात उभे आहोत असे वाटावे. रंगमंदिरे या गाण्याने हेलावत.

पण आम्ही येथे क्षणभर थांबतो, आणि वाचकांनीही थांबावे. ज्या साली रंगमंदिरात हा जोहार ऐकून लोक डोळे पुसत होते, त्या साली पंढरपुरात चोखोबांच्या जातीचा माणूस कोठे उभा होता? महाद्वाराबाहेर, चोखोबांच्या समाधीपाशी. आत पाऊल टाकण्याची त्याला मुभा नव्हती. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. कान्होपात्रेचा पहिला प्रयोग आणि दार उघडणे यांच्यामध्ये सोळा वर्षे गेली. सोळा वर्षे जोहाराला टाळ्या पडत होत्या आणि दार बंद होते. डोळे पुसणाऱ्यांत किती जणांनी दाराकडे पाहिले असेल?

दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्यांच्या वाडवडिलांना हा शब्द पाठ वाकवून म्हणावा लागला, त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत तो शब्दच टाकून दिला. जोहार गेला आणि जयभीम आला. सन १९५८ च्या कायद्याने महारकीची वतनेही गेली. आमच्या कुर्ल्याच्या वस्त्यांतून ही माणसे आमच्या शेजारी राहतात. त्यांच्या कानाला हा अभंग आपल्यासारखाच गोड लागावा, असा हट्ट आपण धरू नये. त्याच बाबासाहेबांनी सन १९४८ मध्ये अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला वाहिला, त्यांत चोखोबा एक होते, हेही विसरू नये. शब्द टाकला, चोखोबा टाकले नाहीत. आपण भजनात जोहार गातो तेव्हा या दोन्ही गोष्टी मनात असाव्यात. नाही तर आपण चोखोबांचे गात नाही, नारायणरावांची नुसती चाल गातो.

ही चाल नाटकातून आमच्यापर्यंत पोचली कशी, तेही सांगतो. नाटकाचे तिकीट गिरणीकामगाराच्या खिशाला परवडणारे नव्हते. पण ग्रामोफोन आला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांपेक्षा थोडेसेच अधिक गाणे मावते. जे नारायणराव रंगभूमीवर एक पद अर्धा अर्धा तास घोळवत, त्यांना तेच गाणे चिमटीत बसवावे लागले. याने एक फायदा झाला. गाणे आटोपशीर झाले, पाठ करता येईल असे झाले. हॉटेलात, लग्नघरी, चाळीच्या गॅलरीत तबकडी वाजली की ज्यांनी नारायणरावांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही त्यांनाही चाल पाठ. मग पेटीवाल्याने ती पेटीवर काढली, पखवाजवाल्याने भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत ती बसवली, आणि नाटकातले गाणे पुन्हा टाळांत परत आले. अभंग देवळातून रंगमंदिरात गेला होता, तो तबकडीवर बसून चाळीत आला आणि चाळीतून पुन्हा देवळात गेला. वारीच ती, दुसरे काय?

बोलपटाच्या लाटेत नाटक मंडळ्या एकेक करून बुडू लागल्या. नारायणरावही बोलपटाकडे गेले. सन १९३५ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या बोलपटात ते एकनाथ महाराज झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि चाली पुन्हा मास्तर कृष्णरावांच्याच. बोलपटाचे मूळ नाव महात्मा होते, ते परीक्षकांच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. अस्पृश्याच्या घरी जेवणारे नाथ त्यात दाखवले होते. चार वर्षांपूर्वी ज्याने जोहार गायला, तोच आता जोहाराची भारुडे लिहिणाऱ्या नाथांच्या भूमिकेत आला, हा योग पाहा. पण लुगड्यातले नारायणराव पाहायची सवय झालेल्या लोकांना ते धोतरात रुचले नाहीत, आणि नारायणरावांनाही त्या यंत्रापुढे तुकड्यातुकड्यांनी गाणे रुचले नाही. समोर माणसे हवीत, वन्समोअर हवा, त्याशिवाय त्यांचा सूर फुलत नसे. सन १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या साध्वी मीराबाई या बोलपटात ते मीरा झाले. पण खरा जीव रंगभूमीवरच.

याच प्रभातने सन १९३६ मध्ये संत तुकाराम काढला. त्यात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. तेही पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करीत. त्यांचे रूप लोकांच्या मनात इतके बसले, की पुष्कळ घरांतल्या तुकोबांच्या तसबिरीत पागनीसांचाच चेहरा आला. त्या बोलपटातले बीजाचे आणि वृक्षाचे गाणे तर असंख्य भाविक तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते शांताराम आठवले यांनी त्या बोलपटासाठी लिहिलेले आहे. गाणे सुंदर आहे, ते जरूर गावे, पण आठवल्यांचे म्हणून गावे. सरकारी गाथेत ते सापडायचे नाही. चाल नवी चालेल, पण शब्द कोणाचा हे ठाऊक हवेच. नाही तर उद्या आपल्या पोरांना गाथा कोणती आणि बोलपट कोणता, हे कळेनासे होईल.

नारायणरावांच्या उत्तरायुष्यातली गोष्ट सांगायला बरेच लोक कचरतात. सन १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. विजापूर भागातल्या मुसलमान घरातली ही बाई. अमीरबाई कर्नाटकींची बहीण. नारायणरावांची गायकी तिने अशी आत्मसात केली होती, की डोळे मिटून ऐकणाऱ्याने फसावे. आजवर पुरुषाने बाईचे सोंग घेऊन गायलेली पदे आता एक बाई त्याच ढंगाने गाऊ लागली. सन १९४० मध्ये नारायणरावांची पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. सन १९५१ मध्ये त्यांनी गोहरबाईंशी लग्न केले. लोक दुरावले. ज्यांनी खांद्यावर घेतले होते त्यांनीच पाठ फिरवली. नारायणरावांच्या सगळ्या हालांचे खापर त्या बाईच्या माथी फोडण्यात आले.

यात कोणाचे किती चुकले, याचा न्याय करायला आम्ही बसलो नाही. लक्ष्मीबाईंचे दुःख खरे होते, हे आम्ही म्हणूच. पण गोहरबाई मुसलमान म्हणून जो विटाळ मानला गेला, तो वारकऱ्याने मानू नये. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतांच्या मांदियाळीत आहेत, लतीफ शहा आहेत, कबीर तर आपल्या कीर्तनात नित्याचे आहेत. नारायणरावांचे पाय अधू झाले, त्यांना उचलून ठेवावे आणि उचलून बसवावे लागू लागले, तेव्हा त्यांची शुश्रूषा याच बाईने केली. सन १९६४ मध्ये ती त्यांच्या आधी गेली.

पाय गेल्यावर नाटक संपले. उभे राहता येईना, चालता येईना. ज्याच्या नुसत्या पदन्यासाला लोक टाळ्या देत, तो माणूस एका जागी खिळला. मग काय उरले? गळा उरला आणि संतांचे शब्द उरले. बसून भजन करता येते! उत्तरकाळात नारायणराव भजनाचे कार्यक्रम करीत. शालू नाही, दागिना नाही, पडदा नाही. म्हातारा देह, थकलेला आवाज आणि अभंग. कान्होपात्रेच्या वेषात असताना त्यांनी देवाच्या दारी उभ्या असलेल्या याचकाचे गाणे गायले होते. आता ते सोंग उरले नव्हते. खरी गरिबी दारात होती, आणि तेच अभंग आता त्यांचे स्वतःचे झाले होते. आम्हांला वाटते, त्यांच्या आयुष्यातले खरे भजन ते हेच.

मानसन्मान उशिरा का होईना आले. सन १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा, सन १९६४ मध्ये पद्मभूषण. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला सन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली, पण ते पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. पुढल्या वर्षी त्यांच्या जन्मतिथीला, २६ जून १९६८ रोजी, रंगमंदिर उघडले.

माणूस गेला, पण त्याचे गाणे दुसरे गातच राहिले. बालगंधर्वांची नक्कल करणारे तर पैशाला पासरी झाले. तीच मुरकी, तोच हेल, तीच मान. त्यातले बहुतेक विसरले गेले. पण दोन नावे आम्ही आवडीने घेतो. पहिले कुमार गंधर्वांचे. त्यांनी मला उमजलेले बालगंधर्व या नावाने कार्यक्रमच केला. नावातच सारे आले. ऐकलेले नव्हे, पाठ केलेले नव्हे, उमजलेले. पदे तीच, पण कुमारांनी त्यांत नारायणरावांचा आवाज शोधला नाही, त्यांचा विचार शोधला. त्यामुळे ऐकताना दोघेही भेटतात. दुसरे आनंद भाटे यांचे. बालवयातच नारायणरावांची पदे गाऊन त्यांना आनंद गंधर्व म्हणू लागले. सन २०११ च्या बालगंधर्व या चित्रपटात सुबोध भावे यांनी नारायणरावांची भूमिका केली, आणि तिच्यातले गाणे भाट्यांचे. त्याबद्दल त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटामुळे आमच्या भागातल्या तरुण पोरांच्या कानावर जोहार पुन्हा आला, आणि टाळ खाली ठेवण्याचा तो जुना वादही त्याच्याबरोबर पुन्हा आला.

मग निवाडा काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. नाटकातली म्हणून कोणती चाल बाटत नाही, आणि फडातली म्हणून कोणती आपोआप तारत नाही. चाल शब्दाच्या मागून चालली तर ती आपली. शब्दाला मागे टाकून पुढे धावली तर ती परकी, मग ती कोणाची का असेना. शब्द गाथेशी ताडून घ्यावा. शेवटचा चरण, नाममुद्रेचा, घाईघाईत गाळू नये. चोखोबांचे गाणे चोखोबांच्या नावानेच पुरे व्हावे. नव्या चालीत पहिल्यांदा गाणाऱ्या पोराला धृपद द्यावे, टाळ खाली ठेवू नये. आणि त्या पोराला मागाहून जवळ बसवून हा जोहार कोणाचा, तो कोणाच्या दारी घातला आणि ते दार किती वर्षे बंद राहिले, हेही सांगावे. नुसती चाल शिकवायला तबकडी पुरते, एवढे सांगायला मात्र म्हातारा टाळकरीच लागतो.

नारायणरावांनी चोखोबांचा अभंग आधी सोंग घेऊन गायला आणि शेवटी सोंगावाचून गायला. या दोन गाण्यांमध्ये त्यांचे सगळे आयुष्य खर्ची पडले. आपल्या मंडळात अभंग कोणत्या चालीत निघतो, याची चिंता थोडी कमी करावी. तो अजून सोंगातच निघतो आहे, की सोंग गळून पडले आहे, एवढे ज्याने त्याने आपल्या गळ्याला विचारावे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!